उत्तरायणात बडोद्याची दारं

बडोद्याच्या जुन्या शहरात एखाद्या दाराचा फोटो काढायचा तर अडचण प्रकाशाची नाही आणि परवानगीचीही नाही, अडचण ऍक्टिव्हाची आहे. कुठलीही पोळ, म्हणजे जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली घ्या, मस्त कोरीव सागवानी दार असणार आणि त्याला टेकून एक ऍक्टिव्हा, एक सायकल आणि पाण्याचं पिंप उभं असणार. त्यात मागे सरकायला जागा किती तर सहा-सात फूट, दोन पावलं मागे गेलं की पाठ समोरच्यांच्या ओटल्याला लागते. पण वर्षातून दोन दिवस असे येतात की अख्खं बडोदं गच्चीवर असतं आणि खाली रस्त्यात कुत्री ऐसपैस झोपलेली असतात, ते म्हणजे उत्तरायण, आपली संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण. दुकानं बंद म्हणजे शटर खाली, आणि शटर खाली म्हणजे शटरवरची चित्रं दिसणार, जी एरवी गुंडाळलेली असतात. शिवाय आपल्या मराठी घरांमधे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, म्हणजे जी दारं एरवी फक्त बाहेरून बघायची ती आतूनही बघायला मिळतात. म्हणून यंदा नवरा पतंग घेऊन वर, लेक फिरकी धरायला, आणि मी मोबाईल घेऊन खाली, अशी वाटणी करून टाकली.

कॅमेरा वगैरे नाही हं, मोबाईलच. एकच पथ्य पाळलं, वाईड लेन्स वापरायची नाही, कारण जवळून वाईडने दार काढलं की चौकट दोन्ही बाजूंनी बाहेर झुकते आणि दार पडायला आल्यासारखं दिसतं. ग्रिड ऑन ठेवायचा, उंबरठा आडव्या रेघेला लावायचा, जागा असेल तर टू-एक्स करून मागे जायचं.

भोगी, १३ जानेवारी

सकाळ स्वैपाकघरात गेली. भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावून बाजरीची भाकरी, खिचडी, लोणी, आणि आईची सूचना की भोगीला न्हाऊन घे नाहीतर सदा रोगी. फोटोचं काम संध्याकाळी सुरू झालं ते गेंडीगेटला.

ज्यांना बडोदं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुनं कोटातलं शहर जवळजवळ चौकोनी आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानांच्या काळात वसलेलं. चार दिशांना चार दरवाजे, पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेला गेंडीगेट, आणि चारही दरवाज्यांचे रस्ते बरोब्बर मधे मांडवीला येऊन मिळतात. कोटाची भिंत जवळपास सगळी गेली, दरवाजे राहिले. गायकवाड आले ते पुढे, अठराव्या शतकात, आणि त्यांच्याबरोबर आपली सगळी आडनावं आली.

तर गेंडीगेटला उत्तरायणाच्या आधी पतंग बाजार भरतो आणि त्या रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते. मला पतंग नको होते, मला भिंती हव्या होत्या. मांजा रंगवणारे रस्त्याच्या कडेला बसतात, भाताची खळ, काचेची पूड आणि रंग यांची लगदी हातात घेऊन ताणलेल्या दोऱ्यावरून हात फिरवत पुढे जातात, परत येतात, परत जातात, आणि मग तो दोरा मोठ्या चाकावर गुंडाळला जातो. रंग बहुतेक गुलाबी, तोही असा भडक की डोळ्यात जातो. आता दिवसरात्र हे चाललं की मागची भिंत, फूटपाथ, विजेचा खांब, सगळ्यावर गुलाबी शिंतोडे आणि हाताचे ठसे उमटतात. एका बंद पडलेल्या गोदामाचं लाकडी दार तिथे आहे, मूळ रंग हिरवा, तो पोपडे सुटून खालचा निळा दिसतोय, आणि त्यावर कमरेच्या उंचीला हा गुलाबी पट्टा आडवा गेलाय, वर थोडे शिंतोडे, खाली पुसलेल्या पंजांचे ठसे. कोणी मुद्दाम ठरवून काढलं असतं तर एवढं जमलं नसतं. मी मोबाईल काढला तर रंगवणारा भाऊ म्हणाला, "बेन, दोरीथी दूर रेजो," आणि ते बरोबरच आहे, ताजा मांजा दिसत नाही आणि बोट कापतो. पाऊस पडला की हे सगळं धुऊन जाणार, म्हणजे हे भित्तिचित्र साधारण जूनपर्यंतचं.

रात्री घरी येताना दुचाकीवाल्यांनी पुढे तारेची कमान लावलेली दिसत होती, गळ्यात मांजा अडकू नये म्हणून. आम्हीही लावलीय.

संक्रांत

पावणेसातला घरातून निघाले. थंडी बऱ्यापैकी होती, गच्च्यांवर स्पीकर लावायची गडबड चालू होती, आणि खाली रस्ते खरंच मोकळे. लहेरीपुऱ्याला गाडी लावली, म्हणजे न्यायमंदिरासमोर. हे न्यायमंदिर १८९६ चं, वास्तुकार रॉबर्ट चिझम, ज्यांनी लक्ष्मी विलास राजवाड्याचं उरलेलं कामही पूर्ण केलं. महाराणी चिमणाबाईंचं नाव त्याला दिलेलं. २०१८ पर्यंत इथे जिल्हा कोर्ट भरायचं, मग कोर्ट नव्या इमारतीत गेलं. कोर्ट असताना या दाराचा फोटो घेणं अशक्य होतं कारण काळे कोट, टायपिस्ट, स्टॅम्पवाले, चहावाले यांची भिंतच उभी असायची. आता कमानी मोकळ्या आहेत. सकाळचं ऊन समोरच्या सूरसागर तलावावरून येत नाही, ते मागून येतं, म्हणून समोरची बाजू नऊपर्यंत सावलीतच राहते, पण त्यामुळे विटेचा रंग मऊ येतो, मला आवडला.

लहेरीपुरा दरवाजातून आत शिरलं की मंगळबाजार. इथे एरवी गर्दी आपल्याला चालवत नेते, आपण चालत नाही. त्या दिवशी मी मधोमध उभी राहून दोन्ही बाजूंची शटरं बघितली. बँडवाल्याच्या शटरवर ट्रंपेट वाजवणारा लाल टोपीवाला, त्याच्या मिशा इतक्या रुबाबदार की ट्रंपेटपेक्षा मिशांवरच पेंटरने जास्त वेळ घालवलाय. एका टेलरच्या शटरवर सूट घातलेला माणूस, धड आहे, चेहरा आहे, पण पाय शटरच्या शेवटच्या पट्टीत संपलेत कारण जागा उरली नाही. घड्याळवाल्याच्या शटरवर मोठ्ठं घड्याळ, वेळ दहा वाजून दहा मिनिटं. खाली कोपऱ्यात पेंटरची सही आणि जुना सहा आकडी फोन नंबर.

मला ही शटरं सरकारी भित्तिचित्रांपेक्षा कितीतरी जास्त आवडतात, आणि यात मी एकटी नाही. भूपेन खख्खर बडोद्यातच राहायचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि १९७० च्या दशकात त्यांनी न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशा लोकांची त्यांच्या दुकानांसकट मोठी तैलचित्रं केली, त्यात हीच पाटी रंगवण्याची आणि कॅलेंडरची तऱ्हा त्यांनी सरळ उचलली. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आज ती चित्रं जगभरच्या म्युझियममधे आहेत. मंगळबाजारात उभं राहिलं की कळतं त्यांना हे कुठून सुचलं असेल. आता मात्र नवीन दुकानांच्या शटरवर फ्लेक्स चिकटवलेला असतो नाहीतर मोबाईल कंपनीची जाहिरात, हाताने रंगवलेलं शटर शोधावं लागतं. म्हणून तुमच्या गल्लीत असेल तर आजच काढून ठेवा, दुकानाचं नूतनीकरण निघालं की पहिलं शटर जातं.

मांडवीला पोचेपर्यंत वरून "काप्यो छे!", म्हणजे पतंग कापला, सुरू झालं होतं. मांडवीची चौकोनी इमारत, सगळ्या बाजूंनी कमानी, आणि तिच्याखाली मी एकटी, हे दृश्य वर्षात पुन्हा मिळायचं नाही. तिथून घडियाळी पोळ आणि मग आजूबाजूच्या पोळांमधे शिरले.

आता दारांबद्दल. बघता बघता मला दोन जाती दिसायला लागल्या. गुजराती घराचं दार बहुतेक रस्त्याला लागून, ओटला, दोन पायऱ्या, आणि चौकटीच्या वर कोरीव तोरण, पानंफुलं, पोपट, वर माडीला आधार देणारे कोरलेले हस्त, त्यात हत्ती नाहीतर बायका. दारावर कुंकवाचे थापे, लाभ-शुभ, आणि मखमली नाहीतर मण्यांचं तोरण. मराठी घराचं दार जाडजूड, साधं, मधे पितळी नाहीतर लोखंडी कडी, आणि वर गणेशपट्टी, म्हणजे चौकटीच्या माथ्यावर मधोमध छोटासा गणपती कोरलेला. मोठा वाडा असेल तर दिंडी दरवाजा, मोठ्या दारात एक छोटं दार, वाकून आत जायचं. असं वाटतं की हे झालं ठरलेलं, आणि मग एक दार येतं जिथे गणेशपट्टीच्या वर मण्यांचं तोरण, खाली ठिपक्यांची रांगोळी, बाजूला कुंकवाचे थापे, नावाच्या पाटीवर कोकणस्थ आडनाव पण गुजराती लिपीत. घराघरांत असंच आहे, माझ्या स्वतःच्या दारावरसुद्धा. दोनतीनशे वर्षं शेजारी राहिल्यावर दारं तरी वेगळी कशी राहणार.

पोळांमधला प्रकाश फार कमी वेळ असतो. गल्ली अरुंद, घरं तीन मजली, त्यामुळे ऊन खाली जमिनीवर पोचतं तेच साधारण अकरा ते एक. त्याच्या आधी सगळी पोळ निळसर सावलीत असते, पण सावलीत कोरीव काम सपाट दिसतं. ऊन भिंतीवरून तिरपं घसरत येतं त्या पंधरा मिनिटांत एकेक पान, एकेक नखी उठून दिसते. मी एका दारासमोर त्या पंधरा मिनिटांसाठी ओटल्यावर बसून राहिले, तर वरून एका काकांनी वाकून विचारलं, "बेन, मकान जोवा आव्या छो?" म्हणजे घर बघायला आलात का. मी म्हटलं नाही काका, दाराचा फोटो काढतेय. त्यांना पटलं नाही. दाराचा फोटो कोणी काढतं ते विकायचं असेल तेव्हाच असा त्यांचा अनुभव, आणि तो काही चुकीचा नाही, कारण जुन्या दारांचे व्यापारी येतात, चौकटीसकट दार काढून नेतात, आणि ते कुठल्यातरी रिसॉर्टमधे काच टाकून डायनिंग टेबल होतं. मग काका खाली आले, शेंगदाण्याची चिक्की दिली, आणि दाराच्या खालच्या भागाला ठोकलेला पत्रा दाखवला. दार नेहमी खालून सडतं, ओटला धुतल्याचं पाणी आणि पावसाचे शिंतोडे, म्हणून खाली फूटभर पत्रा ठोकायचा. तो पत्रा मी आधी फ्रेममधून कापत होते, त्यांनी सांगितल्यावर ठेवला.

हे दारांचे आणि भिंतींचे फोटो काढायचं वेड बडोद्याला जुनं आहे म्हणा. इथल्या फाईन आर्ट्स कॉलेजचे ज्योती भट्ट, स्वतः चित्रकार आणि मुद्राचित्रकार, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात-राजस्थानची खेडी फिरले आणि बायकांनी काढलेली भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, दारं, गोंदण, सगळं कॅमेऱ्यात धरून ठेवलं. त्यांच्या फोटोत दारात नेहमी कोणीतरी उभं असतं, बाई, पोर, बैल. मी आपली माणसं बाजूला व्हायची वाट बघत होते, तर त्यांचे फोटो आठवून नंतर वाट बघणं बंद केलं. सगळ्यात छान आला तो फोटो म्हणजे कापलेला पतंग पकडायला दारातून सुसाट सुटलेला एक मुलगा, अर्धा हललेला.

दुपारी दांडियाबाजारला आत्याकडे. गच्चीवर उंधियू, जिलबी, आणि तिळगूळ, म्हणजे दोन्ही पद्धतींचं पोटभर. संध्याकाळी तुक्कल, म्हणजे कागदी कंदील सोडले तेव्हा मी मोबाईल हातात घेतलाच नाही.

किंक्रांत

गुजरात्यांची वासी उत्तरायण ती आपली किंक्रांत, म्हणजे पतंग दुप्पट आणि आईच्या मते घराबाहेर पडायचं नाही. किंक्रांतीला प्रवास करू नये, शुभकाम करू नये. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की आपल्या घरापासून फतेगंजपर्यंत जाणं म्हणजे प्रवास नव्हे.

आमच्या कारेलीबागच्या बाजूला जुनी दारं नाहीत, सोसायटीचे गेट आहेत. पण त्या गेटांवर एक वेगळीच खूण आहे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी उतरल्यावर भिंतींवर, गेटवर चिखलाची रेघ उरली. रंग लावला तरी ओल बाहेर येते आणि रेघ पुन्हा दिसते. नदीच्या जवळ एका कंपाउंड भिंतीवर वडाचं झाड रंगवलंय, शहराचं नाव ज्याच्यावरून पडलं ते, खाली मगर तोंड उघडून, आणि ती चिखलाची रेघ बरोबर मगरीच्या डोक्यावरून गेलीय. पुराच्या वेळी खऱ्या मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांत आल्या होत्या, तेव्हा या चित्रातली मगर पाण्याखाली होती. मी हे लेकाला दाखवलं तर तो इतका हसला.

बाकी या भागातल्या भिंतींबद्दल माझं मत फार चांगलं नाही. झाडू घेतलेला माणूस, चष्मा, कचऱ्याचे दोन डबे, हसणारी पृथ्वी, हे भारतातल्या कुठल्याही शहरात मिळतं, त्यासाठी बडोद्यात यायला नको. फ्लायओव्हरच्या खांबांवर वारली आणि पिठोरा. वारली तर आता इतकी झालीय की डोळा तिच्यावर थांबतच नाही. पिठोरा मात्र आपल्या शेजारची, छोटा उदेपूरच्या राठवा लोकांची, आणि खांबावर ती बघताना मला दर वेळी खटकतं. पिठोरा म्हणजे सजावट नाहीच मुळी. घरात आजारपण, संकट काही आलं की नवस बोलतात, आणि तो फेडायला घराच्या ओसरीच्या भिंतीवर पिठोरा लिहवून घेतात. काढतात नाही, लिहितात म्हणतात. लिहिणारे लखारा, आणि लिहून झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ते चित्र तपासतो, काही राहिलं असेल तर ते पुरं करायला लावतो, मग पूजा, गाणी, जेवण. प्रत्येक घोड्याला अर्थ आहे, त्या घोड्यांवर देव बसलेत. आणि आपल्याकडे त्याचा एक घोडा सुटा काढून खांबावर चिकटवायचा, बाजूला यू-टर्नचा बोर्ड. राठवा लिहिणाऱ्यांनाच बोलावून, नीट नाव लिहून मोठी भिंत द्यावी, एवढंच माझं म्हणणं. त्यांच्यातले परेश राठवा यांना २०२३ मधे पद्मश्री मिळाली, म्हणजे माणसं शोधायला लांब जायला नको.

फाईन आर्ट्सच्या बाजूच्या गल्लीत मात्र मजा आली. हे कॉलेज १९५० चं, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं, आणि चित्रकला विभाग ज्यांनी उभा केला ते ना. श्री. बेंद्रे आपले इंदूरचे. तिथल्या भिंतींवर, चहाच्या टपरीवर, जनरेटरच्या खोक्यावर पोरं काय काय काढून ठेवतात, त्याला ना स्लोगन ना अर्थ. एका विजेच्या डीपीच्या लोखंडी दारावर खरं लाकडी दार रंगवलेलं, कडी, कुलूप, गणेशपट्टी सगळं, आणि गणपतीच्या जागी डीपीवरची धोक्याची कवटी. तो फोटो माझ्या दारांच्या फोल्डरमधे टाकायचा की भिंतींच्या, यावरून मी बराच वेळ घोळ घातला.

हळदीकुंकवाचा दिवस

किंक्रांत संपली तशी दुकानं उघडली, ऍक्टिव्हा परत दारांना टेकल्या, आणि माझी खरी चैन सुरू झाली कारण आत्याने आपल्याबरोबर मला रावपुरा, दांडियाबाजारच्या घरांमधे फिरवलं. काळी साडी, हातात पिशवी, पिशवीत वाण. यंदा आत्याने चहाच्या गाळण्या लुटल्या.

त्याआधी दुपारी आम्ही दोघी तांबेकर वाड्यात गेलो, रावपुऱ्यातच आहे. भाऊ तांबेकर, म्हणजे विठ्ठल खंडेराव तांबेकर, १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे. बाहेरून लाकडी खांब आणि पट्ट्या, गल्लीतून जाताना वर बघितलं नाही तर कळणारही नाही. जिने अरुंद आणि चढे, आत्या म्हणाली "गुडघ्यांची परीक्षा आहे ने ही." आणि मग वरच्या खोलीत शिरलो की भिंती जमिनीपासून वरपर्यंत चित्रांनी भरलेल्या. कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांची लढाई, आणि मधेच गोऱ्या मडमा. एका भिंतीवर देव आणि दुसऱ्यावर तोफा. एकोणिसाव्या शतकातल्या कोणाही चित्रकाराला ही सरमिसळ विचित्र वाटली नसावी कारण त्याच्या आजूबाजूला हेच चाललं होतं. बडोद्यात भिंतीवर चित्र काढायची सवय किती जुनी ते इथे दिसतं, आणि पुढे सयाजीरावांनी नंदलाल बोसांना शांतिनिकेतनातून बोलावलं तेही भिंतीसाठीच. गायकवाडांच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, त्यांनी गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध अशी भित्तिचित्रं केली, १९३९ ते १९४६ या काळात. म्हणजे दिवाणांची खासगी भिंत, मग राजघराण्याची भिंत, मग कॉलेजची, आणि आता डीपीचं दार.

संध्याकाळची हळदीकुंकवं. मी सगळीकडे आधीच परवानगी मागितली आणि फोटोत बायकांचे चेहरे येणार नाहीत असं सांगितलं, तरी एक काकू पदर सावरून दारात उभ्या राहिल्याच, "आमचा पण काढ ने."

आतून दार बघितलं नाही तर निम्मं दार बघितलंच नाही असं आता माझं मत झालंय. बाहेरून सगळी शोभा, आतून सगळं काम. जुन्या वाड्याच्या दाराला बिजागरी नसते, फळीच्याच लाकडाचा वर आणि खाली एक गोल खुंट काढलेला असतो, खालचा दगडाच्या खळग्यात बसतो, वरचा चौकटीच्या भोकात, आणि एवढं जड दार त्यावर फिरतं. करकरायला लागलं की खळग्यात तेल सोडायचं. मागे आडव्या पट्ट्या, पट्ट्यांतून आलेले खिळे वाकवून परत लाकडात ठोकलेले, त्यामुळे ते उपटता येत नाहीत. दोन फळ्यांच्या मधली फट झाकायला एकाच फळीला उभी पट्टी, ती बाहेरून कोरीव. आणि अडसर! चौकटीच्या बाजूला भिंतीत लांबलचक पोकळी असते, त्यात हा लाकडी वासा अख्खा आत सरकून बसलेला असतो, रात्री तो ओढून काढायचा आणि दारावरून आडवा नेऊन समोरच्या भिंतीतल्या खाचेत घालायचा. एका घरी आजींनी तो मला ओढायला लावला. नुसता हलवायलाच दोन हात लागले. आजी म्हणाल्या, लग्न होऊन आल्या तेव्हापासून सासरे स्वतः लावायचे, बायकांना हात लावू द्यायचे नाहीत, आणि आता रात्री सेफ्टी डोअरचं लॅच लावतात, अडसर मांजराच्या खेळायला उरलाय.

त्याच वाड्यात आतल्या बाजूला, दाराच्या कोनाड्याशेजारी, पेन्सिलीने उंचीच्या खुणा. नावं, तारखा, १९५२ पासूनच्या. वर रंग द्यायला घेतला तेव्हा तेवढी जागा सोडून दिली म्हणे. हा फोटो मी कुठे टाकणार नाही कारण नावं आहेत, पण त्यांना प्रिंट काढून द्यायचं कबूल केलंय. शेजारचा वाडा पाडून फ्लॅट होणारेत, हे लोक अजून सही करत नाहीयेत, घरात दोन मतं आहेत, आणि हळदीकुंकवाच्या वेळी त्यावर बोलायचं नसतं म्हणून सगळ्यांनी त्याच्यावरच बोलून घेतलं.

परत येताना दुलिरामचे पेढे घेतले, रावपुऱ्यात गेलो आणि पेढे न आणता आलो तर घरात घेत नाहीत.

डभोई

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला पतंगातून बाहेर काढून डभोईला नेलं. तीसेक किलोमीटर, सकाळी निघालं तर तास लागत नाही. लेकाला नॅरो गेजचं आमिष दाखवलं, कारण भारतातली पहिली नॅरो गेज लाईन १८६२ मधे गायकवाडांनी डभोई ते मियागाम टाकली आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे, हे ऐकून तो एकदम तयार झाला. तिथे पोचल्यावर त्याने बैल कुठेत विचारलं.

डभोईत दरवाजा म्हणजे भागोळ. चार आहेत, पूर्वेला हिरा भागोळ, पश्चिमेला वडोदरी, दक्षिणेला नांदोदी आणि उत्तरेला चांपानेरी. कोट तेराव्या शतकातला, वाघेला राजा विसलदेवाच्या काळातला धरतात. वडोदरी भागोळीतून आजही रिक्षा, छकडे, शाळेच्या व्हॅन जातात, आणि हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर सातशे वर्षांचं कोरीव काम आहे. पण बघायची ती हिरा भागोळ. तिला लागूनच कालिकामातेचं देऊळ आहे, तिथला दगड इतका भरून कोरलाय की कुठे नजर ठेवावी कळत नाही. हत्तींच्या रांगा, देव, अप्सरा, वेली. दंतकथा अशी की हिराधर नावाच्या कारागिराने हे केलं आणि दुसरीकडे असं कोणाला करून देऊ नये म्हणून राजाने त्याला जिवंत गाडलं. अशी गोष्ट देशात प्रत्येक सुंदर इमारतीला लावलेली असते, आणि प्रत्येक ठिकाणी ऐकताना लोक तितक्याच गंभीरपणे मान हलवतात, आम्हीही हलवली.

फोटोच्या दृष्टीने सांगायचं तर हिरा भागोळीला सकाळीच जा. देवळाची आणि कोटाची बाहेरची बाजू पूर्वेकडे, ऊन समोरून येतं, आणि नऊ-साडेनऊला अजून तिरपं असतं तेव्हा कोरीव कामाला सावल्या मिळतात. अकरानंतर सगळं पांढरं पडतं. आम्ही मग गावात शिरलो. गावातली लाकडी घरं बडोद्याच्या पोळांपेक्षा कमी बदललेली वाटली, आणि मुख्य म्हणजे ऍक्टिव्हा कमी, बुलेट जास्त. संखेडा इथून जवळच, तिथल्या लाखेच्या फर्निचरचा तो तांबडा-सोनेरी रंग एका घराच्या दारावर चढवलेला दिसला, चौकटीवर तशीच नक्षी. मालक हौशी होते, म्हणाले हिंडोळा रंगवायला माणूस आला होता, रंग उरला, मग दारही करून घेतलं. नवऱ्याने विचारलं आपल्या फ्लॅटचं दार असं करता येईल का. मी सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि विचारायचं कबूल केलं.

रथसप्तमीपर्यंत अजून वेळ आहे. बडोद्याच्याच वाडी भागात वहिनीच्या माहेरी एक दिंडी दरवाजा आहे, तिथलं हळदीकुंकू पुढच्या शुक्रवारी, आणि वहिनीने बजावलंय की फोटोच काढायला येणार असशील तर निदान वाण तरी घेऊन ये.